देताना वाजवलेले रुपये

आमच्या ठाण्याच्या वाचनालयातली तरुण मंडळी यंदा दिवाळीला लेखांचे एक पुस्तक काढणार आहेत, आणि "शेअरबाजार बुडाला तेव्हा सरकारने काय केले" यावर मी लिहावे असा त्यांचा हट्ट आहे. मी त्यांना सांगितले, बाबांनो, शेअरबाजार मी कधी डोळ्यांनी पाहिला नाही. मुंबईला उभ्या आयुष्यात मोजून नऊ वेळा गेलो, त्यातल्या पाच वेळा लग्नकार्यांना. मी साधा पोतदार. मामलेदार कचेरीच्या खजिन्यात बसून रुपये पारखायचे, एवढेच काम मी जन्मभर केले. पण मंडळी ऐकेनात. त्यांचा चिटणीस म्हणाला, "नाना, त्या वेळी खजिन्याच्या आत बसलेला जिवंत माणूस आता तुम्हीच उरलात." जिवंत असण्याचे एवढे कौतुक माझे घरातही कोणी करत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमची कचेरी कल्याणच्या बाजूची, खाडीकाठची. नेमकी कोणती ते विचारू नका.

पोतदार म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण हल्लीच्या मुलांना ते आडनाव वाटते. गावोगावचा शेतसारा कचेरीत रोख रुपयांत यायचा. पाटील थैली घेऊन येत आणि ती माझ्यासमोर रिकामी होई. मी एकेक रुपया दगडी फरशीवर टाकायचा आणि कान द्यायचा. चांगल्या चांदीचा आवाज लांबतो, भेसळीचा लगेच बसतो. मग कडेवरून बोट फिरवायचे, कोणी कड किसून चांदी काढून घेतली आहे का ते पाहायला. एवढे करूनही शंका राहिली तर तराजू होताच. हात बसला की हे सगळे पापणी लवेपर्यंत होते, आणि माझा हात चांगला बसला होता. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. थोडी बढाई म्हणूनच सांगतो.

मिठागरांतून येणारे रुपये काळे पडलेले असत आणि वाजवले तर घसा बसल्यासारखे बोलत. माझ्या आधीचे पोतदार ते सरळ परत फेकत आणि बिचारे आगरी लोक तेच रुपये घेऊन आल्या वाटेने जात. मी एक ओले फडके आणि चिमूटभर राख जवळ ठेवू लागलो. पुसून पुन्हा वाजवला की दहांतले नऊ रुपये खरे निघत. या फडक्यामुळे मिठागरांच्या गावांत माझे नाव झाले. लग्नात अक्षता देऊन बोलावण्यापर्यंत मजल गेली.

पारख झाली की हजार-हजारांच्या थैल्या बांधायच्या, आत माझ्या नावाची चिठ्ठी टाकायची, वर लाखेची मोहोर लावायची. त्या थैलीत पुढे कधी खोटा रुपया निघाला तर तो माझ्या पगारातून जाई. पण एकदा का रुपया थैलीत गेला की तो सरकारचा झाला. बाहेर देताना मी तो कधी वाजवत नसे. मोजायचा आणि पुढे सरकवायचा. घेणाऱ्याला हवे तर त्याने फरशीवर वाजवून घ्यावा, आमची ना नव्हती. घेताना पारखायचे आणि देताना नुसते मोजायचे, हे कुठल्या कायद्यात लिहिलेले नव्हते, पण खजिन्यातल्या सगळ्यांना ठाऊक होते. बाजारातल्या सगळ्यांनाही ते ठाऊक होते, हे मला फार उशिरा कळले.

आता शेअरांकडे वळतो. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा इतका झाला की ठेवायचा कुठे ते लोकांना समजेना. मग रोज एक नवी कंपनी. कोणी समुद्र बुजवून जमीन करणार, कोणी आणखी काही. त्या कंपनीचा शेअर म्हणजे एक छापील कागद. आज शंभराला घेतलेला कागद उद्या दोनशेला जाई, म्हणून परवा चारशेला घेणारे गिऱ्हाईक तयार असे.

ही हवा आमच्यापर्यंतही आली. आमच्या भागातले एक इनामदार होते, अत्यंत प्रेमळ माणूस, आंब्याच्या दिवसांत कचेरीला करंडी पाठवणारे. ते एकदा सारा भरायला आले आणि थैलीऐवजी त्यांनी माझ्यापुढे शेअरचा कागद ठेवला.

"पोतदार, हा मी चौपट भावाने घेतलाय. तुम्हाला दुपटीने लावतो. सरकारचाही फायदा होऊ दे."

"इनामदारसाहेब, हा वाजवू कसा?" मी विचारले.

"वाजवायचा कशाला? चित्र पाहा की! तुमच्या नोटेवर आहे का एवढं मोठं गलबत?"

गलबत खरोखरच सुंदर होते. मी कागद परत केला आणि ते महिनाभर माझ्यावर रुसले. पुढे तोच कागद त्यांच्या नातीने आरशामागे लावला.

त्यांनी नोटेचे नाव काढले, तर तेही सांगायला हवे. सरकारी नोटा तेव्हा नुकत्या निघाल्या होत्या, जेमतेम तीन-चार वर्षे झाली होती. नोट म्हणजे सरकारचे लेखी वचन, की हा कागद आणून द्या आणि एवढी चांदी घेऊन जा. ते वचन पाळण्याची सक्ती मुंबईच्या कचेरीवर होती. आमच्यासारख्या तालुक्याच्या खजिन्यात चांदी शिल्लक असली तर लोकांची सोय म्हणून द्यायची, नसली तर नाही म्हणायची मुभा. पण नाही म्हणायची वेळ कधी आली नव्हती.

इथे सोनीबाई येते.

सोनीबाई खाडीपलीकडच्या एका आगरी वाडीतली. तिचा नवरा नामा दुसऱ्याच्या होडीवर कामाला होता. मुंबईत समुद्र बुजवायला दगड लागे, रेती लागे, आणि ती आमच्या खाडीतून होड्या भरभरून जाई. मजुरी इतकी चढली होती की नामासारख्या माणसाच्या गाठीलाही पैसा जमू लागला. कंत्राटदार मात्र पैसे देई ते दहा-दहाच्या नोटांत. पहिली नोट घरात आली तेव्हा सोनीबाई ती पदराच्या गाठीला बांधून थेट माझ्याकडे आली.

"दादा, यो कागूद खरा हाय का? नामा बोलतो दहा रुपय. मना तर सुपारीची पुडी बांदायचा वाटतो."

मी नोट उजेडात धरून पाहिली. "खरी आहे, बाई. ही चांदीच समज. वाटेल त्या दिवशी घेऊन ये, मी स्वतः तुला चांदी देईन."

"तू देशील?"

"मी देईन."

तिने तेवढ्यावर विश्वास ठेवला. त्यानंतर दीड-दोन वर्षे त्या दोघांनी नोटा साठवल्या, डब्यात घालून. स्वतःची होडी घ्यायची होती. भाड्याच्या होडीवर निम्मी मजुरी मालकाला जाते. होडी आपली झाली की नामा मालक होणार, आणि पोरे कोणाच्या हाताखाली राबणार नाहीत, एवढा साधा हिशेब. अठराशे पासष्ट सालच्या पावसाळ्याच्या तोंडाशी बंदरावरच्या एका सुताराकडे तिने होडी ठरवली. ती सांगायला कचेरीत आली तेव्हा हाताने लांबी दाखवता दाखवता तिने माझी दौत सांडली.

आणि त्याच सुमारास सगळे कोसळले. अमेरिकेतली लढाई थांबली, कापसाचा भाव पडला आणि शेअरांना गिऱ्हाईक मिळेनासे झाले. ठरलेल्या दिवशी ज्याने त्याने पैसे द्यायचे होते, आणि ते कोणाकडेच नव्हते. मुंबईत एक मोठी बँक होती, सरकारचे भांडवल असलेली आणि सरकारचाच पैसा सांभाळणारी. तिने शेअरांचे कागद तारण ठेवून लोकांना कर्जे दिली होती. कागद पडले तेव्हा तारणही पडले, आणि आपली ठेव परत मागायला लोक तिच्या दारात उभे राहिले. सरकारने तेव्हा जाहीर केले, की आम्ही बँकेच्या पाठीशी आहोत. अशा वेळी खजिना असणाऱ्याने करायचे असते ते हेच. घाबरलेल्या माणसाला चांदी हवी असते असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे मागितली तर मिळेल एवढीच खात्री त्याला हवी असते. ती मिळाली की तो घरी जातो.

हे शहाणपण मी आज लिहितो आहे. त्या आठवड्यात माझ्याजवळ ते नव्हते.

आमच्याकडे शेअर घेतलेली माणसे चार-पाच, पण घाबरली सगळी. मुंबईत कागद बुडाला, एवढीच बातमी वाड्यावस्त्यांवर पोचली. शेअर हा कागद आणि नोट हाही कागद. ज्याच्या घरात नोट होती तो ती घेऊन कचेरीकडे निघाला. एका सोमवारी सकाळी मी आलो तेव्हा ओसरीवर शंभरेक माणसे छत्र्या आणि इरली घेऊन उभी होती.

आमचे मामलेदार, ज्यांना आम्ही रावसाहेब म्हणत असू, मोठे शांत गृहस्थ. त्यांनी मला आत बोलावले. पावसाळ्यात सारा येत नाही आणि उन्हाळ्यात आलेला ठाण्याला रवाना झालेला असतो, त्यामुळे खजिन्यात चांदी बेताचीच होती. ठाण्याला तार गेली होती. नोटा नाकारू नका, चांदी आगगाडीने पाठवतो, असे उत्तरही आले होते.

"पोतदार, आज सगळ्यांना द्यायचे," रावसाहेब म्हणाले. "पण जरा सावकाश. परवापर्यंत पुरले पाहिजे."

"सावकाश म्हणजे कसे, रावसाहेब?"

"ते तुम्ही बघा. हात तुमचा आहे."

हात माझा होता, आणि हाताला एकच गोष्ट येत होती. वेळ काढायचा तर काय करावे? मी थैली उघडली, पहिल्या माणसाचे दहा रुपये काढले आणि एकेक करून फरशीवर वाजवू लागलो. वर कडेवरून बोट फिरवले. मला वाटले, लोकांना बरेच वाटेल. पोतदार आपल्याला पारखून पैसे देतो आहे, काळजी घेतो आहे.

मी मान खाली घालून वाजवत होतो. समोरची कुजबुज थांबली तेव्हा मला वाटले लोक निवांत झाले. दुसऱ्या माणसाचे वाजवले, तिसऱ्याचे वाजवले. ओळीत आठवी सोनीबाई होती, येताना मी तिला पाहिले होते. नोटांचा डबा तिने पोटाशी धरला होता. सुताराने तिला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती आणि त्याला नोटा नको होत्या, चांदी हवी होती. होडीला दुसरे गिऱ्हाईक तयार होते. हे सगळे तिने मी आत येत असतानाच मला सांगितले होते आणि शेवटी म्हणाली होती, "तू हायस ना, मंग मना घोर नाय."

सातव्याचे पैसे देऊन मी मान वर केली, तर समोर भलताच माणूस.

"सोनीबाई कुठे गेली?"

मागून कोणीतरी ओरडले, "अरे, पोतदार सरकारचंच रुपय वाजवून बघतोय! त्यालाच खातरी नाय, तर आपल्याला कशी?"

मग ओसरीवर जो गलका झाला तो मी अजून विसरलेलो नाही. ज्यांना रुपये मिळाले होते ते परत येऊन म्हणू लागले, हे बदलून द्या. ज्यांना मिळाले नव्हते ते पुढे घुसू लागले. थोडी माणसे मागल्या मागे बाहेर पडून समोरच्या सराफाच्या दुकानी गेली. तो चौथाई बट्टा कापून नोटा घेत होता, म्हणजे दहाच्या नोटेला साडेसात रुपये. सकाळी त्याच्याकडे माशी नव्हती. दुपारी त्याला बसायला जागा उरली नाही.

रावसाहेब बाहेर आले. त्यांनी फरशीकडे पाहिले, माझ्या हाताकडे पाहिले.

"काय चालवलंय हे?"

"आपणच म्हणालात, सावकाश."

"अहो, सावकाश म्हणालो. सरकारची अब्रू फरशीवर आपटा म्हणालो का?" ते आवाज न चढवता म्हणाले. ते ओरडले असते तर मला बरे वाटले असते.

तेवढ्यात मी शिपायाला सोनीबाईच्या मागे धाडले. तो परत आला आणि म्हणाला, ती सराफाकडून चांदी घेऊन बंदराकडे गेली. चौथा हिस्सा तिथेच गेला होता. उरलेल्यात होडी बसत नव्हती. सुताराने दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्याला दिली, आणि त्यात त्याचा काही दोष नाही, त्याने ठरल्याप्रमाणे वाट पाहिली होती.

मंगळवारी सगळे उलटे केले, आणि ते श्रेय रावसाहेबांचे. खजिन्याचे दार सताड उघडे. थैल्या ओसरीवर आणून मांडल्या. फरशी आत नेऊन ठेवली. मोठी रक्कम असेल त्याला लाख न फोडता अख्खी थैली. "भराभर द्या," ते म्हणाले, "लोकांचे हात दुखेपर्यंत द्या." मग ओसरीच्या पायरीवर उभे राहून त्यांनी मोठ्याने सांगितले, की येत्या हप्त्याचा सारा ज्याला नोटांत भरायचा असेल त्याने खुशाल भरावा, एक पैसा कापला जाणार नाही. एवढे बोलून माझ्याकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "पोतदार, माझा पगार नोटांत काढा."

ओळीतला एक म्हातारा हळूच म्हणाला, "सरकार सोताच घेतंय म्हंजे कागूद खराच असंल." आणि आपली नोट परत कनवटीला लावून घरी गेला. सरकारने आपला कागद आपण घ्यायला तयार असावे, याहून मोठी खात्री नाही. मी पाहिले आहे.

बुधवारी ठाण्याहून पेट्या आल्या. कल्याण स्टेशनावरून त्या जवळच्या वाटेने यायच्या, पण रावसाहेबांनी गाड्या भर दुपारी बाजारातून फिरवून आणवल्या, पुढे-मागे शिपाई. पेट्या वजनाने बैलांना वाकवत होत्या. लोक पुढे म्हणत, त्यात दगड होते. दगड मुळीच नव्हते. मात्र निम्म्या पेट्यांत तांब्याचे पैसे होते, कारण चांदी कमी पडली आणि तांबे हाताशी होते. ते मला आणि रावसाहेबांनाच ठाऊक होते. उघडायची वेळच आली नाही. गुरुवारी ओसरी रिकामी झाली, आणि शनिवारपर्यंत नेलेली थैली परत आणून "ठेवा हो, घरात कुठं ठेवू?" म्हणणारे दोघे येऊन गेले.

शुक्रवारी सराफ आला. त्याने नोटांची चळत माझ्यापुढे ठेवली. वरच्या नोटांना मिठाचा ओलसर वास येत होता आणि घडीवर डब्याचा गंज लागला होता. त्या कोणाच्या ते मला विचारावे लागले नाही. मी त्याला पूर्ण चांदी दिली, मोजून, न वाजवता, हुकुमाप्रमाणे. तो म्हणाला, "नाना, धंदा आहे." त्या दिवशी घरी जेवण गेले नाही, आणि बायकोला कारण सांगायचीही लाज वाटली.

मुंबईच्या त्या बँकेचे काय झाले, हे वाचकांना हवे असेल. सरकारचा हात पाठीशी होता म्हणून ती त्या वर्षी उभी राहिली, पण तारणाचे कागद आतून कुजलेले होते, आणि दोन-तीन वर्षांत तिला दार लावावे लागले. तिच्या जागी नवी बँक निघाली आणि शेअर तारण घ्यायचे नाही असा तिला नियम घालून दिला, असे ऐकले. मोठ्या लोकांच्या चौकशा झाल्या, जाडजूड अहवाल निघाले. ते मी वाचलेले नाहीत. माझ्यापुरते मला समजले ते असे, की बँकेने घेताना पारखले नाही, आणि मी देताना पारखले. दोघांनीही आपापला धंदा उलटा केला. तिची चौकशी झाली. माझी झाली नाही, कारण रावसाहेबांनी वर काही कळवले नाही.

दिवाळीच्या सुमारास सोनीबाई घरी आली. मी ओटीवर होतो. आता ही चार शब्द सुनावणार, आणि ते ऐकून घ्यायचे, एवढे मी ठरवले. तिने डोक्यावरची टोपली उतरवली. त्यात नव्या भाताचे पोहे होते.

"दादा, हे तुज्या लेकरांना."

"कशाबद्दल, बाई?"

ती इकडेतिकडे पाहून हलकेच म्हणाली, "मना कललं व्हतं. तू रुपय वाजवून आमाला इशारा दिलास. सायेब आत बसलेला, बोलता तर यायाचं नाय. नोकरी गेली असती तुजी. तरी तू वाजवलंस. मी लगेच वलखलं आन् निंगाली. चौथाई गेली त गेली, सगलं तं नाय बुरालं."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. काही बुडणारच नव्हते, सोनीबाई. पाच मिनिटे थांबली असतीस तर पूर्ण चांदी मिळाली असती, होडी मिळाली असती. हे सगळे माझ्या जिभेवर आले आणि तिथेच राहिले. माझी बायको आतून आली, तिने टोपली घेतली, सोनीबाईला फराळाचे दिले. दोघी गप्पा मारत बसल्या आणि मी उठून मागच्या दारी गेलो.

दर दिवाळीला पोहे येत राहिले. तांबूस, जाड, गोड पोहे. माझी मुले त्यांची वाट पाहायची. नामा दुसऱ्याच्या होडीवरच राहिला. मुंबईतले समुद्र बुजवण्याचे काम थांबले, मजुरी उतरली, आणि पुन्हा तेवढे पैसे त्यांच्या गाठीला कधी जमले नाहीत. मुलगे मोठे झाले, तेही दुसऱ्याच्याच होडीवर. त्यांतला थोरला एकदा मला रस्त्यात वाकून नमस्कार करून गेला. मी दोन आळ्या वळसा घालून घरी जायला लागलो, पुन्हा भेटू नये म्हणून.

पेन्शनीत निघालो त्या वर्षी मनाशी म्हटले, आता नाही सांगितले तर कधीच नाही. पोहे यायची वाट न पाहता मीच खाडी ओलांडणारी तर पकडून तिच्या वाडीवर गेलो. नामा वारला होता. ती अंगणात मासळी वाळत घालत होती, केस पांढरे, पाठ मात्र ताठ. मी खाटेवर बसलो आणि सगळे सांगितले. इशारा नव्हता. रुपये सगळे खरे होते. वेळ काढायला वाजवले, आणि आपल्या हाताच्या कौशल्याची मला घमेंड होती म्हणून वाजवले. नोटा खऱ्या होत्या. होडी माझ्यामुळे गेली.

हातातली मासळी तिने एकेक करून दोरीवर लावली.

"सगलं खरं व्हतं?"

"सगळे."

"थांबली असती तर?"

"तर होडी झाली असती."

तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि मग राग आला. तो मला स्पष्ट दिसला आणि मला तो हवाच होता. "येवरी वरसं माजं पोहं खाल्लंस," ती म्हणाली. "येकदा तरी घशात अरकायला पायजे व्हतं."

"दर वर्षी अडकले, बाई."

मी उठलो. पाया पडण्याची माझ्या वयाला आणि तिच्या रीतीला पद्धत नव्हती, म्हणून नुसते हात जोडले आणि तरीच्या धक्क्याकडे निघालो. वाडीचे कुंपण ओलांडले तोच मागून तिची हाक आली. ती कुंपणापर्यंत चालत आली होती. पलीकडे तिचे मुलगे आणि नातवंडे जाळे उकलत बसली होती. त्यांच्याकडे एकवार पाहून ती हलक्या आवाजात म्हणाली,

"दादा, ह्यांना सांगू नको. तुज्यासाटी नाय बोलत. मी सगल्या वारीला सांगलंय, सरकारात आपला येक मानूस हाय. तेवऱ्या येका गोष्टीवर ही पोरं कचेरीची पायरी चरतात. ती बुरवू नको."

त्या दिवाळीला पोहे आले. ती गेल्यावरही तिची सून पाठवते, आणि मी खातो. म्हणून या लेखातले सोनीबाईचे नाव खरे नाही, नामाचेही नाही.